क्रेन किती टनांची, एवढेच विचारून भागत नाही



मागील वार्षिक सर्वसाधारण सभेत यंत्रसामग्रीच्या खर्चाचा विषय निघाला, तेव्हा मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ सभासद उठले. म्हणाले, "अहो, मिलवरची क्रेन वीस टनांची. गव्हाणीत ऊस टाकणारी पाच टनांची. मग पाचाच्या क्रेनला एवढं भारी दरपत्रक कसं? हा हिशेब कुठला?" सभेत हशा पिकला, पण प्रश्न बिनतोड होता. पैसा सभासदांच्या भागभांडवलाचा आहे. उत्तर द्यायचे आम्ही कबूल केले होते, ते या अंकी देत आहोत.

त्यासाठी मुख्य अभियंत्यांबरोबर आम्ही मुंबईच्या उपनगरांत चार दिवस हिंडून आलो. ओझी उचलण्याच्या धंद्याची ही जुनी पेठ. साखळी-कप्प्या आणि हॉइस्ट बनविणारी हर्क्युलस हॉइस्ट्स ही कंपनी १९६२ साली निघाली, तिचा कारखाना मुलुंडला होता. विक्रोळीला गोदरेजने आणि पवईला लार्सन अँड टुब्रोने मोठे कारखाने उभे केले. अंधेरीला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लहान वर्कशॉपे. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने पूर्वी कारखान्यांची रांग होती. आता त्यांतल्या बऱ्याच जागी राहण्याचे मनोरे झाले आहेत. तरी जाणती माणसे अजून भेटतात.

मुलुंडच्या एका वर्कशॉपात सातारकडचे एक फोरमन भेटले. आम्ही "पाच टनांची क्रेन" म्हणताच ते हसले. "पाव्हणं, टन सगळेच सांगत्यात. दिवसातनं किती येळा उचलायचं, ते आधी सांगा." सगळी मेख इथेच आहे.

प्रथम प्रकार समजून घेऊ. सर्वांत साधी ती चेनपुली, म्हणजे साखळी-कप्पी. एका गर्डरवर ती सरकती ठेवली की पंप किंवा मोटार उचलायला पुरते. दुसरी जिब क्रेन. खांबाला आडवा हात, तो गोल फिरतो. लेथजवळ एका जागी काम असेल तर हीच स्वस्त.

शेडच्या दोन्ही बाजूंच्या रुळांवरून पुलासारखी चालते ती ई.ओ.टी., म्हणजे विजेवर चालणारी डोक्यावरची क्रेन. तिच्यात एक गर्डरची आणि दोन गर्डरची असे दोन भेद. एक गर्डरचीत हॉइस्ट गर्डरखाली लोंबतो. ती हलकी व स्वस्त, मध्यम वजनाला व मध्यम रुंदीच्या शेडला ठीक. दोन गर्डरचीत ट्रॉली गर्डरच्या वरून धावते, म्हणून हूक अधिक उंच जातो आणि अवजड वजन पेलते. मिल हाऊसमध्ये रोलर उचलायला हीच लागते. शेडचे खांब वजन सोसणारे नसतील किंवा काम उघड्या यार्डात असेल, तर गॅन्ट्री क्रेन. तिचे स्वतःचे पाय असतात, ते जमिनीवरच्या रुळांवरून चालतात.

आता सभेतल्या प्रश्नाकडे येऊ. दिवसाला २,५०० टन गाळप करणारा कारखाना धरा. समजा, सगळा ऊस क्रेननेच उतरवायचा आणि एका खेपेला पाच टन उचलायचा. दिवसाला ५०० खेपा झाल्या. हंगाम १५० दिवसांचा धरला तर ७५,००० खेपा! म्हणजे रात्रंदिवस, दर तीन मिनिटांच्या आत एक खेप. उलट मिल हाऊसची वीस टनी क्रेन खरी राबते ती बंद हंगामातील दुरुस्तीत. एरवी बिघाड झाला तरच. तिच्या खेपा शेकड्यांत मोजाव्यात. पोळ्याला मिरवायचा बैल आणि रोज औत ओढणारा बैल यांची किंमत नुसत्या वजनावर ठरते का? तसेच हे.

यासाठीच भारतीय मानकांत क्रेनच्या यंत्रणेचे एम-१ ते एम-८ असे आठ वर्ग केले आहेत. अंक जितका मोठा तितके राबणे जास्त. गव्हाणीवरच्या क्रेनला वरचाच वर्ग हवा. तिची मोटार, ब्रेक, गिअर, वायर रोप सारे त्या बेताचे लागते, म्हणून ती महाग. स्वस्तातली पाच टनी घेतली तर पहिल्या दिवशी पाच टन उचलेलही, पण ऐन हंगामात बसेल. २,५०० टनी कारखाना सहा तास थांबला तर ६२५ टन ऊस यार्डात अडकतो. एकरी ४० टन धरले तर साडेपंधरा एकरांचा तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उतारा घसरतो. नुकसान शेवटी आपलेच.

टनांपलीकडेही पाहावे लागते, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. वर्कशॉपसाठी पूर्वी एक क्रेन घेतली, तेव्हा आम्ही शेडची उंची मोजली, हुकाची मोजलीच नाही. क्रेन बसली आणि हूक हातभर खाली राहिला. मोठा नग ट्रकवर चढेना, दोन वर्षे चेनपुलीवर भागवले. चूक आमची होती.

म्हणून यापुढे दरपत्रक मागविताना हे लिहूनच द्यायचे: सर्वांत जड नग किती वजनाचा, उचलण्याच्या साधनासकट, रुळांमधील अंतर, हूक किती उंच जायला हवा, तासाला किती खेपा, बगॅसची धूळ आणि वाफ किती, शेडच्या खांबांवर भार किती येईल, आणि हंगामात बोलावल्यावर दुरुस्तीचा माणूस किती तासांत येईल. ग्रॅब असेल तर त्याचे वजनही क्रेनच्याच माथी, हे विसरू नये.

शेवटी माणसांविषयी. क्रेन बसविल्यावर क्षमतेच्या सव्वापट वजन उचलून चाचणी घ्यावी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमाने दंडक घातला होता, की उचलण्याच्या यंत्राची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून पूर्ण तपासणी व्हावी, ठरल्यापेक्षा जास्त वजन उचलू नये, आणि रुळाजवळ माणूस काम करीत असेल तर क्रेन सहा मीटरच्या आत येऊ देऊ नये. कायदे बदलतात, लोंबत्या वजनाचा धोका बदलत नाही. गाडी खाली करताना मोळीखाली कोणी उभे राहू नये, बैलसुद्धा आधी सोडून बाजूला न्यावेत.

त्या ज्येष्ठ सभासदांचे आम्ही आभार मानतो. क्रेनची दरपत्रके पुढील सभेपुढे ठेवू, तेव्हा टनांच्या रकान्याशेजारी खेपांचा रकाना आहे का, हे सभासदांनी जरूर विचारावे.