मोदक, मोल आणि बाथरूमची खिडकी

"काकू, सगळं पाठ केलंय, पण गणित सुटतच नाही!" अकरावी सायन्सची ती मुलगी अगदी रडवेली झाली होती. वस्तीतल्या आमच्या अभ्यासिकेत मी मराठी नि इतिहास घेते. केमिस्ट्रीचा नि माझा संबंध दहावीलाच संपलेला. पण शिकवणारा दादा आला नव्हता. म्हटलं, बघू या दोघी मिळून.

गणित प्रोपेनचं होतं. आपल्या सिलिंडरमधल्या मुख्य वायूंपैकी हा एक. १ मोल प्रोपेन पूर्ण जळायला ५ मोल ऑक्सिजन लागतो. तर १०० ग्रॅम ऑक्सिजनमध्ये ४४ ग्रॅम प्रोपेनपैकी किती जळेल?

मोल म्हणजे डझनासारखंच मोजायचं माप. डझनभर लिंबं नि डझनभर नारळ, नग सारखे, वजन वेगळं. १ मोल प्रोपेन ४४ ग्रॅम, १ मोल ऑक्सिजन ३२ ग्रॅम. म्हणजे ४४ ग्रॅम प्रोपेनला ऑक्सिजन हवा १६० ग्रॅम.

"पाऱ्या २१ आहेत, सारण १५ मोदकांपुरतंच. मोदक किती होतील?" मी विचारलं.

"१५!"

"मग इथे सारण कोण?"

"ऑक्सिजन!" पोरीचा चेहरा उजळला. त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं साडेसत्तावीस ग्रॅम.

"पण काकू, गणितात उरलेला गॅस तसाच राहतो. खरं तर ऑक्सिजन कमी पडला, की गॅस अर्धवट जळतो नि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो."

माझ्या पोटात धस्स झालं. आमचा गॅस गीझर बाथरूममध्येच होता, आणि थंडीचा वारा नको म्हणून खिडकीला मीच पुठ्ठा लावला होता! अंघोळीनंतर लेकीचं डोकं दुखायचं. आम्ही म्हणायचो, रात्रीची जागरणं.

घरी आल्याबरोबर पुठ्ठा काढला नि गीझर बंद केला. चार दिवसांनी मेकॅनिकला बोलावून तो बाहेर मोकळ्या गॅलरीत बसवून घेतला.

मैत्रिणींनो, १ किलो गॅसला साडेतीन किलोहून जास्त ऑक्सिजन लागतो. बंद बाथरूममध्ये तो येणार कुठून? तुमचाही गॅस गीझर आत असेल, तर आजच बाहेर हलवण्याचं बघा. तोवर तो न लावलेलाच बरा.

ती मुलगी अजून मला 'थँक्यू काकू' म्हणते. खरं तर थँक्यू मीच म्हणायला हवं.