मोगरी (अवजार)

मोगरी हे लाकूड, कच्चे चामडे, रबर किंवा प्लॅस्टिक अशा तुलनेने मऊ पदार्थाचे डोके असलेले, ठोकण्याचे हस्तावजार आहे. वस्तूच्या पृष्ठभागावर खुणा न उमटवता तिला आकार देणे, तसेच पटाशी, ठसा यांसारख्या दुसऱ्या अवजारावर आघात करणे, ही तिची मुख्य कामे होत.

कार्यतत्त्व

पोलादी हातोड्याचा आघात अत्यल्प काळात आणि लहानशा जागेवर होतो. त्यामुळे तेथील दाब वाढून पृष्ठभागावर खळगा पडतो. मोगरीचे डोके आघाताच्या वेळी किंचित दबते. संपर्काचा काळ व क्षेत्रफळ वाढल्याने दाब कमी होतो. डोके कामाच्या वस्तूपेक्षा मऊ असल्यास झीज मोगरीची होते, वस्तूची नव्हे.

प्रकार

लाकडी मोगरी बाभूळ, शिसव, बीच अशा कठीण लाकडाची असते. चामडी मोगरीचे डोके कच्च्या चामड्याची घट्ट गुंडाळी करून बनवतात. रबरी मोगरी फरशा बसवण्यासाठी वापरतात. मात्र काळ्या रबराचे डाग फिकट फरशीवर पडू शकतात, म्हणून तेथे पांढऱ्या रबराची मोगरी घेतात. काही मोगऱ्यांच्या पोकळ डोक्यात पोलादी छर्रे भरलेले असतात. आघातानंतर छर्रे पुढे सरकत राहत असल्याने मोगरी उसळून मागे येत नाही.

हस्तकलांतील उपयोग

सुतारकामात लाकडी मुठीची पटाशी मोगरीने ठोकतात. पोलादी हातोड्याने मूठ फुटण्याची शक्यता असते. चर्मकलेत नक्षीच्या ठशांवर चामडी किंवा प्लॅस्टिकची मोगरी वापरल्याने ठशांची टोके पसरत नाहीत.

दागिने घडवताना हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. चांदीची अंगठी निमुळत्या पोलादी दांड्यावर चढवून चामडी मोगरीने ठोकली असता ती गोल होते. तिची जाडी जवळपास तेवढीच राहते. पोलादी हातोड्याने ठोकल्यास धातू दबून पातळ होतो, पसरतो आणि अंगठीचे माप वाढते.

याउलट काही कलांमध्ये हातोड्याची खूण हेच सौंदर्य असते. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकामात तांब्याच्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने ओळीने ठोके देऊन चकाकते खळगे उमटवतात. असे खळगे मोगरीने उमटत नाहीत.

मर्यादा व निगा

मोगरीने खिळे ठोकू नयेत. खिळ्याच्या डोक्याने तिच्या तोंडावर खड्डे पडतात आणि ते पुढे मऊ धातूवर उमटू शकतात. डोक्यात रुतलेला धातूचा कणही प्रत्येक ठोक्याला ओरखडा उठवतो. म्हणून नाजूक कामाची मोगरी वेगळी ठेवतात आणि वापरण्यापूर्वी तिचे तोंड तपासून घेतात.