जुनी होडी नवी केली, आता मशीन कोणतं? आउटबोर्ड आणि पेट्रोलची टाकी घेण्याआधी एवढं तपासा

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या की दुरुस्तीची कामं निघतात. कुजलेल्या फळ्या बदलायच्या, वरून फायबर मारायचं, रंग द्यायचा. होडी नव्यासारखी झाली की मग घरात एकच विषय, मशीन किती एचपीचं घ्यायचं? बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. शेजाऱ्याने १५ चं घेतलं म्हणून आपणही १५ चं. आणि टाकी? दुकानदार देईल ती.

घोळ इथेच होतो. रस्त्यावर गाडी बंद पडली तर कडेला लावून मेकॅनिकला फोन करता येतो. खाडीच्या मुखाशी मशीन बंद पडलं आणि ओहोटीची ओढ असली, तर होडी बाहेर खेचली जाते. म्हणून मशीन आणि टाकी होडीकडे बघून निवडायची, शेजाऱ्याकडे बघून नाही. कशी, ते क्रमाने पाहू.

आधी होडीचं वजन धरा

दुरुस्त केलेल्या होडीचं वजन पूर्वीइतकं राहत नाही. लाकडावर फायबरचे थर चढले, आतून नवीन आडव्या फळ्या बसल्या, की ते सहज वाढतं. त्यामुळे जुन्या कागदावरचा आकडा धरू नका.

एक उदाहरण घेऊ. २० फुटी होडी ४०० किलो. चार माणसं २८० किलो. जाळी, नांगर, दोर मिळून १५० किलो. मशीन आणि भरलेली टाकी ७० किलो. बर्फ आणि मासळी २०० किलो. एकूण झाले ११०० किलो, म्हणजे एक टनाहून थोडं जास्त. मशीनला ओढायचं असतं ते हे भरलेलं वजन, रिकामी होडी नव्हे.

मागची फळी मशीन पेलेल का?

आउटबोर्ड टांगायचं ती होडीची मागची उभी फळी. तिला ट्रान्सम म्हणतात. साधारण १० एचपीचं मशीन ४० किलोच्या आसपास भरतं, पण फळीवर येणारा ताण वजनापेक्षा खूप जास्त असतो. पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा सगळा जोर या फळीवरच येतो. लाट बसली की झटके वेगळे.

फायबरच्या होडीत या फळीच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. जुन्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत गेलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून काहीच दिसत नाही. लहान हातोडीने सगळीकडे ठोकून बघा. घट्ट टणक आवाज आला तर ठीक. बद्द किंवा पोकळ आवाज आला तर तेवढा भाग उघडून बघितल्याशिवाय मशीन लावू नका. बोल्टची नवी भोकं पाडली की ती आतून मरीन सीलंटने बंद करून घ्या.

होडीची दोन्ही टोकं निमुळती असतील तर मागे फळीच नसते. अशा होडीला मजबूत ब्रॅकेट बसवावा लागतो. हे काम होडी सुताराकडे असतानाच करून घ्या, मशीन घरी आणल्यावर नाही.

शॉर्ट शाफ्ट की लाँग शाफ्ट?

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन होडीजवळ जा. मशीनचा क्लॅम्प जिथे बसणार त्या फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत सरळ उभं माप घ्या. माप १५ इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, २० इंचांच्या आसपास आलं तर लाँग शाफ्ट.

माप चुकलं तर काय होतं? उंच फळीला शॉर्ट शाफ्ट लावला तर लाटेवर पंखा हवा पकडतो. इंजिन ओरडतं, पण होडी पुढे जात नाही. लहान फळीला लाँग शाफ्ट लावला तर पाय पाण्यात जास्त खोल जातो. पेट्रोल फुकट जळतं आणि खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर पंखा आपटतो.

पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली एक इंचापर्यंत असावी. माप १७ किंवा १८ इंच असं मधलंच आलं, तर दुरुस्ती चालू असतानाच फळी कापून किंवा चढवून घ्या. नंतर हेच काम महागात पडतं.

एचपी किती? इथेच पैसे वाया जातात

पाणी कापत जाणाऱ्या गोल किंवा निमुळत्या तळाच्या होडीला वेगाची मर्यादा असते आणि ती होडीच्या लांबीवर ठरते. पाण्याच्या रेषेवर २० फूट लांबी असेल तर साधारण ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. त्यापुढे कितीही एचपी लावा, होडीची मागची बाजू खाली बसते, नाळ वर येते, मागे मोठी लाट उठते आणि पेट्रोल जळतं. वेग फारसा वाढत नाही.

अशा होडीला ढोबळ हिशेब टनामागे ४ ते ५ एचपी. आपल्या उदाहरणातल्या ११०० किलोच्या होडीला शांत पाण्यात ५ ते ६ एचपी पुरतात. पण समोरून वारा, मुखाजवळची लाट आणि ओहोटीची ओढ यांच्यासाठी राखीव ताकद हवी. म्हणून ८ ते १० एचपीचं मशीन योग्य. २५ चं घेतलं तर ते पैसे मशीनमध्येही गेले आणि रोजच्या पेट्रोलमध्येही जात राहिले.

सपाट तळाच्या, पाण्यावर उचलून पळणाऱ्या फायबर बोटीचा हिशेब वेगळा. तिथे साधारण २० ते २५ किलोमागे १ एचपी लागतो. पण आधी आपली होडी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा. फायबर मारलं म्हणून लाकडी होडी स्पीडबोट होत नाही.

टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

टू स्ट्रोक हलकं, भाग कमी, गावातला मेकॅनिकही उघडू शकतो. पण पेट्रोल जास्त खातं आणि त्यात तेल मिसळावं लागतं. ५० ला १ असं प्रमाण असेल तर २० लिटर पेट्रोलला ४०० मिली तेल. नव्या मशीनला सुरुवातीचे काही तास जास्त तेल लागतं, ते पुस्तिकेत बघा. तेल टीसी-डब्ल्यू ३ प्रकारचंच घ्या. मोटारसायकलचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनसाठी असतं, आउटबोर्ड पाण्याने थंड होतं.

फोर स्ट्रोक जड आणि महाग, पण पेट्रोल वाचवतं, आवाज आणि धूर कमी. रोज चार-पाच तास मशीन चालणार असेल तर जास्तीची किंमत पेट्रोलमधून वसूल होते. आठवड्यातून दोनदा खाडीत जाणार असाल तर टू स्ट्रोक चालेल. जवळच्या गावात कोणत्या मशीनचे पार्ट आणि मेकॅनिक मिळतात, हाही निवडीचा मोठा भाग आहे.

पंखाही विचारून घ्या. वजन ओढणाऱ्या होडीला कमी पिचचा पंखा लागतो. पूर्ण लोड आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिनचे आरपीएम पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत आले पाहिजेत. कमी येत असतील तर पिच जास्त आहे आणि इंजिनवर रोज ताण पडतोय.

टाकी किती लिटरची?

१० एचपीचं फोर स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण ४ लिटर पितं. मध्यम वेगाला ३ लिटर धरा. टू स्ट्रोक याहून बरंच जास्त खातं.

समजा जाळ्यापर्यंत जायला दीड तास, यायला दीड तास. तीन तासांचे ९ लिटर, जाळी ओढताना १ लिटर, झाले १० लिटर. आता तांडेलांचा जुना नियम लावा. एक हिस्सा जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. म्हणजे १५ लिटर सोबत हवेत. १२ लिटरची टाकी इथे कमी पडते, २४ ते २५ लिटरची घ्या. भरल्यावर पेट्रोलचंच वजन १८ किलोच्या आसपास होतं, त्यामुळे ती मागे मशीनजवळ न ठेवता थोडी पुढे, मध्याकडे पट्ट्याने बांधा.

टाकी कशाची? आता हा प्रश्न जास्त महत्त्वाचा

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत मात्र जास्तीत जास्त १० टक्के असं लिहिलेलं आहे. म्हणून घेताना दुकानदाराला सरळ विचारा, हे मॉडेल २० टक्क्यांना चालतं का, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. किनाऱ्यावर ओल भरपूर. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतात. इंजिनला जाणारा पाइप तळातूनच ओढतो. वरती पेट्रोल दिसतं, मशीन मात्र बंद.

दुसरा धोका जुन्या होड्यांना आहे. काही होड्यांत फायबरचीच टाकी आत बांधलेली असते. इथेनॉल जुन्या फायबरमधलं रेझिन विरघळवू शकतं. मग चिकट मळ कार्बुरेटरमध्ये जातो आणि टाकीही गळू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळात साचते आणि एक ठिणगी पुरते. दुरुस्तीत अशी टाकी सापडली तर ती वापरू नका. जस्ताचा मुलामा दिलेला पत्र्याचा डबाही नको. लहान होडीला बाहेर काढता येणारी, आउटबोर्डसाठीच बनवलेली जाड प्लास्टिकची टाकी सगळ्यात सोयीची.

ती वापरताना एवढं पाळा:

– पेट्रोल भरताना टाकी होडीतून काढून जमिनीवर ठेवा. गळ्यापर्यंत भरू नका, थोडी जागा सोडा.
– झाकणावरचा हवेचा स्क्रू मशीन चालू करताना उघडा. बंद राहिला तर थोड्या वेळाने इंजिन आपोआप थांबतं.
– पाइपमधल्या रबरी बल्बवरचा बाण मशीनकडे असला पाहिजे.
– टाकी आणि मशीनच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. खर्च थोडा, पण सगळ्यात कामाची वस्तू हीच.
– पेट्रोल लागेल तेवढंच आणा. हंगाम संपला की टाकी आणि कार्बुरेटर रिकामं करा.

कागद विसरू नका

होडीच्या नोंदणीत इंजिनची माहिती असते. मशीन बसवलं किंवा बदललं की मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे नोंद करून घ्या. जुनं मशीन घेतलंत तरी इंजिन नंबर असलेलं बिल मागा. आणखी एक गोष्ट. १ जूनपासून सुरू होणाऱ्या पावसाळी मासेमारी बंदीतून पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना सूट असते. मशीन बसवलं की ती सूट राहत नाही. पर्यटकांना फिरवायचं असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवं.

पहिली फेरी कुठे?

नवं मशीन घेऊन थेट समुद्रात जाऊ नका. भरतीच्या वेळी खाडीत, पूर्ण वजन भरून, सोबत दुसरी होडी ठेवून तासभर चालवा. थंड करणाऱ्या पाण्याची धार मशीनमधून नीट पडते का बघा, आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली असू द्या. परत आल्यावर किती लिटर जळलं ते मोजा आणि टाकीवर पक्क्या शाईने लिहून ठेवा. पुढे किती लांब जायचं, हे त्या आकड्यावरून ठरवा. आणि होय, वल्ही घरी ठेवू नका.