उशिरा उगवणारी बी

श्रोतेहो, भिवापूरच्या माणसाला रोप कसे करावे हे सांगायला जाणे म्हणजे धाडसच! मिरचीचे बी वाफ्यात टाकले की आठ-दहा दिवसांत हिरवी लव दिसते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण तोच हात बहाव्याचे बी लावतो, पंधरा दिवस वाट पाहतो आणि कुंडी उकिरड्यावर ओततो. मीही ओतली होती. पुढच्या पावसाळ्यात त्या उकिरड्यावरच बहाव्याची दोन रोपे निघाली!

बी मेलेले नसते, अडलेले असते. बहाव्याचे कवच इतके घट्ट, की आत पाणीच शिरत नाही. रानात ऊनपाऊस आणि जनावरांच्या पोटातला आम्लरस ते झिजवतो. म्हणूनच बाभळीचे बी शेळ्या बसतात तिथून गोळा करण्याची जुनी रीत आहे. घरी बी कानशीवर किंचित घासावे. देठाची बाजू सोडावी, कारण कोंब तिकडे असतो. मग रात्रभर पाण्यात ठेवावे. टम्म फुगेल ते पेरावे. फुगणार नाही ते पुन्हा घासावे. सागाचे बी रात्री भिजत आणि दिवसा उन्हात, असे आठवडा-दोन आठवडे करतात.

गुरुजींना एक सांगणे. गुंजेचे कवचही असेच टणक असते, पण मुलांना ती घासायला देऊ नका. फुटलेल्या गुंजेचे विष जिवावर बेतते.

चारोळीची गोष्ट निराळी. पिकून काळ्या झालेल्या फळातली कवटी हलकेच फोडावी, गर दुखवू नये आणि लगेच पेरावा. दुसऱ्याच्या आधी आपल्या हाती पडावीत म्हणून लोक कच्ची फळे ओरबाडतात, फांद्याही तोडतात. मग झाडाखाली पिकले बी पडणार कुठून? रानात नवी चारोळी दिसेनाशी होते ती अशी.

मोहाचे मात्र अगदी उलट! त्याचे बी काही आठवड्यांतच निकामी होते. ते पडेल तसे पेरावे, डब्यात जपून ठेवू नये. आणि खजूर पाहा: मसादा या इस्रायलमधील किल्ल्यात सापडलेल्या, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या बीला २००५ साली अंकुर फुटला!

तेव्हा कुंडीवर बीचे नाव आणि पेरल्याची तारीख लिहा, माती जराशी ओली ठेवा, आणि एक पावसाळा जाईपर्यंत ती ओतू नका.