पॉवर स्टिअरिंगचा रॅक गळतोय: ऑईल भरत राहायचं, दुरुस्त करायचा की बदलायचा?

(एपिसोडचा लिखित भाग. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

सेकंडहँड गाडी घेण्यावरच्या एपिसोडनंतर तुमच्या बऱ्याच व्हॉइस नोट आल्या. त्यातला एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता: ‘गाडीखाली तेल पडतंय, मेकॅनिक म्हणतो रॅक गेला, खर्च करू का नको?’ योगायोग बघा, गेल्या सप्टेंबरमध्ये आमच्या घरातही हेच झालं. मी मेकॅनिक नाही. बीटेक केलं आणि दिवसभर सर्व्हरचे लॉग बघतो. पण हा निर्णय घेताना जे शिकलो, ते आज सांगतो.

तर झालं असं. वाईला आईबाबांकडे गेलो होतो. टायर पंक्चर होता म्हणून डिकीतून स्टेपनी काढायला गेलो, तर कोपऱ्यात पेपरात गुंडाळलेली लाल ऑईलची बाटली. अर्धी संपलेली. बाबांना विचारलं.

“अरे, ते स्टिअरिंगचं. थोडं थोडं लागतं अधूनमधून.”

“कधीपासून?”

“झाले असतील तीन महिने.”

गाडी २०१२ची, पेट्रोल. माझी आत्या पाचगणीला एकटी राहते. बाबा दर रविवारी तिच्यासाठी डबा आणि औषधं घेऊन पसरणी घाट चढतात. आणि बाबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं आहे. ही तीन वाक्यं लक्षात ठेवा, निर्णय शेवटी याच्यावरच झाला.

आधी हे चालतं कसं?

तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली पॉवर स्टिअरिंग ऑईलची वेगळी टाकी नसेल, तर बहुतेक तुमचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. नव्या छोट्या गाड्यांत मोटर असते, ऑईल नसतंच. मग आजचा विषय तुमचा नाही. पण जुन्या सेडान आणि बऱ्याच जुन्या मोठ्या गाड्या ऑईलवाल्या, म्हणजे हायड्रॉलिक.

स्टिअरिंग फिरवलं की खाली पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक फिरतं. ते एका आडव्या दातेरी दांडीला डावी-उजवीकडे सरकवतं. ही दांडी आणि तिचं नळीसारखं घर, हा झाला रॅक. दांडीच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, आणि ते चाकं वळवतात. इथपर्यंत सगळं लोखंडाला लोखंड जोडलेलं आहे. ऑईल फक्त मदतीला. इंजिनच्या बेल्टवर चालणारा पंप ऑईल दाबाने पाठवतो आणि एक व्हॉल्व्ह ते दांडीवरच्या पिस्टनच्या हव्या त्या बाजूला सोडतो. तुमच्या हाताचा जोर कमी लागतो तो यामुळे.

हा दाब किती? पूर्ण जोर लागतो तेव्हा साधारण ७० ते १०० बार. कारच्या टायरमधली हवा साधारण सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज घ्या. एवढा दाब अडवायला रॅकमध्ये रबरी ऑईल सील असतात. वर्षानुवर्षं दांडी त्यांच्यातून घासत जाते, रबर कडक होतं, आणि एक दिवस तेल बाहेर यायला लागतं.

गळतंय ते नक्की रॅकमधूनच का?

इथे लोक सर्वात जास्त पैसे वाया घालवतात. खाली तेल दिसलं की थेट ‘रॅक बदला’. पण तेल वरून खाली ओघळतं. गळती एकीकडे आणि थेंब दुसरीकडे, असं सर्रास होतं.

एसी चालू असताना खाली पडतं ते स्वच्छ पाणी. त्याला घाबरायचं नाही. तेल असेल तर वरून सुरुवात करा. टाकी आणि तिच्या पाइपची क्लिप बघा. मग पंप. मग दाबाच्या पाइपचा बोल्ट, तिथे तांब्याचे छोटे वॉशर असतात. पाइप किंवा वॉशरमधून गळत असेल तर काम रॅकच्या खर्चाच्या मानाने किरकोळ. शेवटी रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, ते घड्या घड्यांचे असतात.

बूट समजून घ्या. बूट तेल अडवायला नसतोच, तो धूळपाणी बाहेर ठेवायला असतो. त्यामुळे बुटाची क्लिप सैल केल्यावर आतून तेल आलं, तर आतलं सील गेलंय. विषय संपला. आमच्याकडे ड्रायव्हरच्या बाजूच्या बुटातून चमचाभर लाल तेल आलं.

हे बघताना गाडी गॅरेजच्या लिफ्टवर किंवा रॅम्पवर असू द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. प्लीज.

किती गळतंय?

मी माझ्या सवयीचं काम केलं: लॉग ठेवला. टाकीवर मार्करने रेघ, वहीत तारीख आणि किलोमीटर. बाबांच्या आठवणीप्रमाणे जूनमध्ये एकदा भरलं की महिनाभर पुरायचं. सप्टेंबरमध्ये मॅक्सवरून मिनवर यायला सहा दिवस लागले. म्हणजे गळती वाढत होती, आणि ही सगळ्यात महत्त्वाची माहिती. बूट नुसता ओलसर आहे आणि टाकीची पातळी दोन-तीन महिने हलत नाही, तर लक्ष ठेवून थांबता येतं. पण भरायचं अंतर दर वेळी कमी होत असेल, तर ते सील आता सावरणार नाही.

“ऑईल टाकत राहू की, बाटली कितीची येते?” हे बाबांचं म्हणणं. ऐकायला बरोबर वाटतं. अडचणी तीन. एक, पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, गुरगुरतो आणि कोरडा फिरून खराब होतो. मग त्याचा लोखंडी कीस त्याच ऑईलमधून रॅकमध्ये जातो. एक काम होतं, त्याची दोन होतात. दोन, हे तेल गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर धूर येतो, पेटूही शकतं. तीन, घाट.

आणि बाटलीतलं कुठलंही तेल चालत नाही. बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ लागतं, काहींना वेगळं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ब्रेक ऑईल तर चुकूनही टाकू नका, ते या सीलांचं वाटोळं करतं.

गळती थांबवायचं लिक्विड मिळतं, त्याबद्दलही विचारलंय तुम्ही. ते रबर मऊ करून थोडं फुगवतं. बारीक पाझर असेल तर काही दिवस निघतात. झिजलेलं किंवा फाटलेलं सील त्याने नवं होत नाही. मी टाकलं नाही.

पर्याय आणि हिशोब

पहिल्या गॅरेजने सांगितलं, नवा रॅक, फिटिंगसकट २७,०००. दुसरीकडे फक्त रॅकचंच काम करणारे एक काका होते. ते म्हणाले, सील किट टाकू. किट आणि मजुरी ६,५००, दोन्ही बूट ६००, ऑईल ९००, व्हील अलाइनमेंट ५००. एकूण ८,५००. हे माझ्या गाडीचे, माझ्या भागातले आकडे. तुमचे वेगळे येतील. तिसरा पर्याय स्क्रॅपमधला जुना रॅक. स्वस्त, पण तोही तेवढाच जुना, आणि आत काय आहे ते बसवल्यावरच कळणार.

आता, गाडी विकली तर लाख-सव्वा लाख आले असते. मित्र म्हणाला, एवढ्याशा गाडीवर २७,००० घालू नकोस. पण गाडीच्या किमतीशी तुलना करून उत्तर मिळत नाही. ही गाडी अजून किती महिने चालवायची आहे, ते विचारा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. आमची मार्च २०२७ला संपते. पुढे फिटनेस, नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर, हे सगळं आलं. म्हणजे नक्की हातात होते १८ महिने. ८,५०० भागिले १८, महिना साधारण पावणेपाचशे रुपये. नव्या रॅकचे महिन्याला दीड हजार. आणि दुसरी गाडी घेतली तर महिन्याचा हप्ता किती, ते तुम्हीच काढा.

पण किट टाकणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. सील दांडीच्या गुळगुळीत भागावर घासतं. बूट फाटलेला राहिला असेल तर पाणी आणि माती आत जाऊन दांडीवर गंजाचे खड्डे पडतात. त्यावर नवं सील बसवलं तर तो खड्डा त्यालाही कापतो, आणि काही महिन्यांत पुन्हा गळती. म्हणून मी काकांना म्हटलं, “काका, रॅक उघडला की किट टाकायच्या आधी मला बोलवा.”

ते हसले. “या की. दांडीवरून नख फिरवा. नख अडकलं तर मीच सांगतो, माझं किट घेऊ नका.”

ही या एपिसोडमधली सगळ्यात कामाची गोष्ट: नख. दांडी पुसून त्यावरून नख फिरवायचं. अडकलं तर किटचे पैसे पाण्यात, मग रीकंडिशन केलेला किंवा नवा रॅक. सोबत दातांची झीज आणि खडखड पण बघायची. खड्ड्यातून जाताना स्टिअरिंगमध्ये ठकठक जाणवत असेल, तर नुसत्या सीलने ती जाणार नाही.

बाबा कसे तयार झाले

खरं सांगू का, आकड्यांनी बाबा तयार झाले नाहीत. “घाटात तेल संपलं तर हळू जाऊ,” म्हणाले.

मी त्यांना अंगणात उभ्या गाडीत बसवलं. इंजिन बंद, चावी फिरवून स्टिअरिंगचं लॉक काढलेलं. म्हटलं, “बाबा, आता वळवून बघा.” त्यांनी जोर लावला. पाव फेराही झाला नाही आणि त्यांनी उजवा हात खाली घेतला. काही बोलले नाहीत.

मदत गेली तरी स्टिअरिंग चाकांना जोडलेलंच असतं, गाडी वळते. चालत्या गाडीत ते उभ्या गाडीपेक्षा हलकंही लागतं. पण घाटातल्या वळणावर वेग जवळजवळ नसतोच, आणि तिथेच पूर्ण स्टिअरिंग मारावं लागतं. वरून एसटी उतरत असते. माझ्या हाताने ते वळण निघालं असतं. बाबांच्या हाताने निघेलच असं नाही. त्यामुळे रॅकचा प्रश्न ठरवताना स्टिअरिंग कोणाच्या हातात आहे आणि रस्ता कोणता आहे, हे आधी बघा. सपाट शहरात गाडी चालवणाऱ्या तिशीतल्या माणसाने अजून दोन महिने लक्ष ठेवलं असतं, तर मी त्याला चूक म्हटलं नसतं.

काम होईपर्यंत बाबा घाटात गेले नाहीत. दोन रविवार मी पुण्याहून येऊन डबा पोचवला. आत्या म्हणाली, “गाडी बिघडली म्हणून तरी तोंड दाखवलंस.” ते मात्र खरं होतं.

काम देताना काय विचारायचं

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. गळती कुठून आहे, ते मला दाखवाल का?
२. रॅक उघडल्यावर किट टाकायच्या आधी दांडी बघायला मिळेल का?
३. दोन्ही बाजूंची सीलं बदलणार ना? बूट पण नवे ना?
४. जुनं ऑईल पूर्ण काढून नवं भरणार, आणि हवा काढणार ना?
५. वॉरंटी किती महिने? पुन्हा गळलं तर मजुरी कोणाची?
६. अलाइनमेंट धरली आहे का? रॅक उतरवल्यावर ती लागतेच.

आमच्या दांडीवर नख अडकलं नाही. किट टाकलं, सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घेतली. आता सहा महिने झाले, टाकीवरची माझी रेघ आणि ऑईल अजून एकाच पातळीवर आहेत. आणखी एक सवय लावली: पूर्ण वळवून कडेला अडलेलं स्टिअरिंग तसंच दाबून धरायचं नाही. तिथे दाब सगळ्यात जास्त असतो.

पुढे कधीच गळणार नाही, असं मी म्हणत नाही. जुनी गाडी आहे. पण आता बाबा दर रविवारी निघायच्या आधी बॉनेट उघडतात, टाकीचा फोटो काढतात आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. सोबत मेसेज एवढाच: ‘रेघेवर आहे. निघालो.’

तुमच्या गाडीखाली काही पडत असेल तर फोटो आणि व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. आणि घरच्यांच्या गाडीची डिकी एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!