मोटारीच्या पुढच्या चाकांचे सांधे

इंग्लंडांत अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ ते १९८० या काळांत तयार झालेली एम्. जी. बी. मोटार आजहि अनेक हौशी मालक जतन करतात. तिचें पुढचें प्रत्येक चाक एका उभ्या पोलादी खुंटाभोंवतीं वळतें. यास किंगपिन म्हणतात. त्यास खालून विशबोन नांवाचे बाहू धरतात आणि वरून शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचाच हात धरतो.

वेळेवर ग्रीझ न मिळाल्यास किंगपिन झिजतो; रबरी बुश कालांतरानें फाटतात. मग गाडी सुकाणूस नीट जुमानीत नाहीं. झीज ओळखण्याची रीत सोपी आहे. चाक अधांतरीं उचलून वरखालीं धरावें व हलवावें. खिळखिळेपणा जाणवल्यास दुसऱ्यानें ब्रेक दाबावा. तो नाहींसा झाला, तर दोष बेअरिंगचा. राहिला, तर बहुधा किंगपिनचा.

खरा धोका स्प्रिंगचा. दाबलेली स्प्रिंग एकाएकीं सुटल्यास माणसास जायबंदी करूं शकते. म्हणून सांगाडा भक्कम आधारावर टेकवावा, स्प्रिंगच्या तळच्या थाळीखालीं जॅक लावावा, मगच वरचा सांधा सोडवावा व जॅक सावकाश उतरवावा.

किंगपिनचे नवे बुश रीमरनें बिनचूक मापाचे करावे लागतात. तें काम कसबी कारागिराचें. धातूस जोडलेल्या रबराचे बुश असल्यास त्यांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावे. एरवीं रबर पिळलें जाऊन लवकर फाटतें. अखेरीस चाकांची दिशा तपासून घ्यावी. या लहानशा सांध्यांवरच बसणारांचे प्राण विसंबून असतात.