देव पाठीशी असल्याची भावना आधार कशी देते?

शिवाजी पेठेतून अंबाबाईच्या देवळाकडे जाणारा प्रत्येक जण गाभाऱ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. कुणाला कामाची घाई, कुणाला रांगेत उभे राहणे झेपत नाही. मग लांबूनच शिखराला हात जोडायचे आणि पुढे निघायचे. दर्शन झाले नाही तरी ‘आई बघते आहे’ हा विश्वास दिवसभर पुरतो. तो नेमका काय करतो?

दार बंद झाले तेव्हा...

कोरोनाकाळात या विश्वासाची परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये राज्यातील मंदिरे बंद झाली. ती १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी खुली झाली. जोतिबाची चैत्र यात्राही दोन वर्षे भाविकांविना गेली. पूजा घरच्या देव्हाऱ्यापुढे आणि दर्शन मोबाइलवर, असे दिवस निघाले.

करवीरला हे अगदीच नवे नव्हते. मुघल आक्रमणाच्या काळात अंबाबाईची मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती, असे परंपरा सांगते. १७१५ च्या विजयादशमीला मंदिरात तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. देवी देवळात नव्हती, तेव्हाही ती भक्तांना सोडून गेली नव्हती.

सोबतीची देवी

शिवाजी पेठेतील फिरंगाई ही करवीरच्या नवदुर्गांपैकी एक. याच नवदुर्गांमध्ये एकीचे नाव अनुगामिनी आहे. अनुगामिनी म्हणजे मागोमाग येणारी. देव एका जागी बसून राहत नाही, आपल्यासोबत चालतो, ही कल्पना त्या नावातच आहे.

मानसशास्त्र काय म्हणते?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संकटात देवाकडे पाहण्याच्या तीन पद्धती मांडल्या.

• माझे मीच बघेन.
• सगळे देवावर सोडले.
• देव सोबत आहे, प्रयत्न मी करतो.

यातली तिसरी पद्धत असणाऱ्यांचा स्वतःवरचा विश्वास अधिक दिसला. सगळे देवावर सोपवणाऱ्यांमध्ये तो कमी आढळला. म्हणजे देव सोबत आहे असे मानूनही आपले काम आपणच करायचे, तेव्हा श्रद्धेचे बळ जास्त मिळते.

मार्गदर्शन कसे मिळते?

कोकणात आणि आसपासच्या भागात देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. मूर्तीला लावलेले फूल उजवीकडे पडले तर होकार मानतात. पण कौल लावण्याआधी प्रश्न नेमका मांडावा लागतो. रोज देवापुढे पाच मिनिटे शांत बसणाऱ्यालाही हेच साधते. मनातला गोंधळ शब्दांत येतो, घाईचा निर्णय टळतो. काय करायचे हे अनेकदा आपल्याला ठाऊक असते, कमी पडते ते धैर्य. ते तिथे मिळते.

सावध कुठे राहायचे?

श्रद्धेचा त्रासही होऊ शकतो. आजार किंवा घरातील मृत्यू ही ‘देवाने दिलेली शिक्षा’ आहे असे वाटू लागले, की दुःख वाढते, असेही पार्गामेंट यांच्या अभ्यासातून दिसले. अशा वेळी नवसांची संख्या वाढवून उपयोग नाही. जवळच्या माणसाशी बोला. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. अंगारा कपाळाला लावून गोळी वेळेवर घेणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. देव पाठीशी आहे आणि पाऊल आपल्यालाच टाकायचे आहे, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.